रडणारं धुराडं

येवलाम्पी सिसोयिच चुली बांधायचा. गावातल्या प्रत्येक चुलीला त्याचा हात लागलेला, आणि आपली चूल धुरकटते असं कुणी गमतीतही म्हटलं, तर म्हातारा आठवडाभर तोंड फुगवून बसे. लिहिता-वाचता मात्र येत नव्हतं. रशियन क्रांतीनंतर जमीनदार पळाला, त्याच्या हवेलीत प्रौढांची शाळा निघाली, आणि साठाव्या वर्षी हा गडी पाटी घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसला.

शिकवायला शहरातून रइसाबाई आली होती. विशीतली पोर, पण भलती कडक. विटा सुतात लावणाऱ्या सिसोयिचची अक्षरं पाटीवर घसरगुंडी खेळत. ओळ वाकडी गेली, की बाई पुसायला लावायची. तिच्यावर त्याचा फार जीव होता.

थंडीचे वारे सुटले आणि हवेलीचं धुराडं रडायला लागलं.

"मालक तिकडंच कुठं मेला असंल, त्याचं भूत हाय," शेजारची फेदोस्या म्हणाली, आणि बायकांनी शाळा सोडली. वरून कागद आला: रविवारी दहा माणसं दिसली नाहीत, तर शाळा बंद. रइसाबाई डोळे पुसत पुस्तकं बांधू लागली.

भूत कुणाचं ते सिसोयिचला ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी हवेलीची चूल बांधताना मालकाने त्याला कुत्र्यांच्या पंगतीला बसवून जेवू घातलं होतं. त्याने गुपचूप धुराड्याच्या विटांत बाटलीची मान बसवली. दुखावलेले चूलवाले असंच करतात. वारा शिरला, की ती गळा काढते. मालकाने ते रडणं दर हिवाळ्यात ऐकलं होतं; गावाला मात्र तेव्हा हवेलीत पाऊल टाकायची मुभा नव्हती. आता हे कबूल करायचं म्हणजे चाळीस वर्षांच्या नावावर पाणी सोडायचं.

रविवारी सकाळी बायकांना अंगणात बोलावून तो छपरावर चढला, वीट फोडली आणि बाटलीची मान उंच धरली.

"हा घ्या तुमचा मालक! मीच बसवला हुता."

फेदोस्याने कमरेवर हात ठेवले. "आन् आमच्या घरात काय कोंबलंयस, मेल्या?"

"कायबी नाय गं. तुझ्या सासूनं वर साय घालून कोबीचं सूप वाढलं हुतं. तुझी चूल रडली कधी?"

"नाय."

"मग?"

"आन् या पोरीला आठ दिवस रडवलंस, त्याचं काय?"

म्हाताऱ्याने वरूनच टोपी काढून रइसाबाईपुढे मान लववली. बायका हसत, त्याला शिव्या घालत आत बाकांवर जाऊन बसल्या. चांगल्या चौदा जणी.

सिसोयिचने खाली येऊन नवी वीट घेतली, कोळशाने तिच्यावर आपलं नाव लिहिलं आणि शिडीपाशी उभ्या रइसाबाईला दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या कामावर नाव घालत होता. अक्षरं नेहमीसारखी घसरली होती.

"पुसू का, बाई?"

तिने नकारार्थी मान हलवली. "सरळ आहे, सिसोयिच. बसवा."