सहा लेनचं शेड

लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडून टोकाच्या पिना पाडायच्या, तो बोलिंगचा खेळ मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही पुण्याच्या एका मॉलमध्ये, काचेबाहेर उभा राहून. आत शिरायचं तर आपल्या चपला काढून त्यांचे बूट घालावे लागत होते, आणि माझ्या पायात मोजे नव्हते. त्यामुळे धाकट्या भावाने "दादा, आपण फैजपूरला बोलिंग काढू" असं जाहीर केलं तेव्हा मला आधी ते बूटच आठवले.

धाकटा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पुण्याच्या कंपनीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन घरी आला होता. इथे माझं काही उभं राहिलं तर राहतो, नाही तर रजा संपली की परत जातो, असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. केळीत त्याला रस नव्हता. मला मात्र तो घरात हवा होता. आमचे वडील, आबा, थकले होते, आणि बागेत पाणी सोडून बांधावर बसलं की मनातलं बोलायला माझं असं कुणी नव्हतं. म्हणून मी हो म्हणालो. पण हे कारण मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याच्यासमोर मी फक्त कटकट केली.

आणि कटकट करण्यासारखं होतंच की हो. फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीने एक फाइल पाठवली, लग्नाच्या अल्बमएवढी जाड. पहिल्याच पानावर फी, आणि ती कुठल्याही कारणाने परत मिळणार नाही हे ठळक अक्षरांत. पुढे सहा लेन, त्यांच्या मागे पिना उभ्या करणारी यंत्रं, चेंडू परत आणणारा पट्टा. एका लेनच्या पैशात ट्रॉलीसकट दोन ट्रॅक्टर दारात आले असते. हॉल शंभर फूट लांब हवा, आणि मध्ये एकही खांब नको. दिवसरात्र एसी हवा, का, तर लेनचं लाकूड फुगतं. मे महिन्यात आमच्याकडे माणसं होरपळतात, त्यांचं काही नाही, सोय लाकडाची. त्या लाकडाला रोज तेल लावायचं, तेल लावायचं मशीन निराळं, आणि तेलसुद्धा कंपनीचंच घ्यायचं. वीज गेली तर जनरेटर. चाळीस गाड्यांचं पार्किंग. मी म्हटलं, "फैजपुरात एका वेळी चाळीस गाड्या फक्त लग्नात दिसतात." धाकटा म्हणाला, "दादा, तू नुसता नन्नाचा पाढा लावू नकोस."

बुटांचं पान आलं तेव्हा आबाही बसले होते. सगळ्या मापांचे मिळून दोनशे जोड घ्यायचे आणि येणाऱ्याला भाड्याने द्यायचे. आबांना हे दोनदा समजावून सांगावं लागलं.

"दुसऱ्याच्या पायातले जोडे घालायले लोकं पैसे देतीन?" आबा म्हणाले.

"आत औषध फवारतात आबा, प्रत्येक वेळी."

"मंग त्यायले म्हना, घरूनच जोडे घालून या. आपलं औषिध वाचीन."

मी हसलो नाही, कारण मला आबांचंच पटत होतं.

खाण्याचाही तोच प्रकार. हिवाळ्यात भरीत-पुरी ठेवू, त्यासाठी तरी इकडचा माणूस आत पाऊल टाकेल, असं मी सुचवलं. उत्तर आलं, मेनू ठरलेला आहे, बदल चालत नाही. थंडी पडली की ज्या मुलखात शेताशेतांतून वांगी भाजल्याचा धूर निघतो, तिथे आम्ही बटाट्याच्या तळलेल्या काड्या विकायच्या होत्या. बरं, काही विचारायला फोन करावा तर शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "लवकर करा सर, धुळ्याची पार्टी तयार आहे." त्या पार्टीला मी कधी पाहिलं नाही, पण तिचा मला जाम राग यायचा.

तरी काम पुढे सरकलं. आबांनी ठेव मोडली. यावल रस्त्यालगतचं केळी भरायचं जुनं शेड पाडून आम्ही त्याच जागी नवं उभं केलं. नरडाण्याच्या एमआयडीसीत मोठमोठी शेडं बांधलेला मिस्त्री मुद्दाम आणला. माणूस धुळ्याकडचा, बोलणं अहिराणी, हात सोन्याचा. "भाऊ, बठ्ठं करी दिसू, तुम्ही काळजी करू नका," असं तो रोज म्हणायचा, आणि मी रोज काळजी करायचो.

फाइलमध्ये फरशीला एक अख्खं पान होतं. जमीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट हवी, फरक दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. धाकट्याने ते पान मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी मी वैतागून म्हणालो, "कळलं रे बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

काँक्रीट ओतायच्या नेमक्या दिवशी त्याला अग्निशमनच्या दाखल्यासाठी जळगावला जावं लागलं. तो तिसरा हेलपाटा होता. जाताना म्हणाला, "दादा, तू फक्त उभा राहा." मी सकाळपासून उभा राहिलो. मजुरांना चहा, जेवण, मिस्त्रीला हवं-नको, सगळं पाहिलं. दिवस कलताना घोटून झालेली ती लांबच लांब गुळगुळीत जमीन पाहिली आणि मलाच भरून आलं. घरी जेवताना मी तिचं तोंडभर कौतुक केलं. शेडबद्दल इतकं गोड मी वर्षभरात पहिल्यांदाच बोललो असेन. धाकटा हसत ऐकत होता.

महिन्याभराने कंपनीच्या इंजिनियर बाई तपासणीला आल्या. आम्ही दोघे भाऊ, आबा आणि मिस्त्री असे चौघे दारात उभे होतो. बाईंनी तिपाईवर यंत्र लावलं, भिंतींवर लाल रेघ पाडली, मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्यांनी धाकट्याकडून कंपनीने फाइलसोबत पाठवलेला नमुन्याचा चेंडू मागून घेतला आणि दाराजवळ जमिनीवर ठेवला. चेंडू सुटला. कुणी हात न लावता, सावकाश, सगळं शेड तिरपं ओलांडून मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकला. त्या भिंतीपलीकडे आमची नाली आहे.

"दारापासून तिथपर्यंत वीतभर उतार आहे," बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी मिस्त्रीवर ओरडलो, "अक्कल गहाण ठेवली होती का? सपाट म्हणजे काय कळत नाही तुला?"

मिस्त्री गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "भाऊ, तुम्हीच तं सांगेल व्हतं..."

"मी सांगितलं होतं," धाकटा मध्येच म्हणाला. "मीच. फोनवरून."

आणि त्याच क्षणी मला आठवलं. दुपार होती, काँक्रीटची पहिली गाडी रिकामी होत होती, मिस्त्री दोरी बांधत होता. मी हातात चहाचा कप घेऊन म्हणालो होतो, "नालीकडे ढाळ नीट राहू दे रे, पाणी तुंबायला नको." आमच्याकडे जमीन म्हणजे बादल्याच्या बादल्या ओतून धुवायची वस्तू. घर, ओटा, गोठा, केळी धुवायची जागा, सगळीकडे ढाळ असतो, आणि पाणी तुंबलं तर मिस्त्रीची अब्रू जाते. मी तीस वर्षं प्रत्येक बांधकामावर हेच वाक्य बोलत आलो होतो. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्याचं लक्षातही राहिलं नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. आबांनी धाकट्याकडे पाहिलं, "येवढंही समजलं नही का रे तुले?" म्हणाले आणि काठी टेकत बाहेर गेले. तो मान खाली घालून उभा राहिला. मी त्याच्या शेजारी होतो आणि गप्प होतो. त्या गप्प बसण्याची लाज मला आज हे लिहितानाही वाटते.

पुढचं दोन फोनमध्ये आटोपलं. वर नवा थर टाकता आला असता, पण तो पुरता वाळल्याशिवाय लाकूड बसवता येत नाही, आणि तोवर कंपनीची मुदत टळत होती. बोलिंग धुळ्याच्या पार्टीला गेलं. फी परत मिळणार नव्हती, ते पहिल्याच पानावर होतं. धाकट्याची रजाही संपत आली होती.

जळगावच्या स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो. बस लागायची होती. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"ओतल्यावर दुसऱ्याच दिवशी. सकाळी पाणी मारायला गेलो तर टिकेचना, सगळं कोपऱ्याकडे पळत होतं. मिस्त्रीला विचारलं, त्याने सांगितलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास? तेव्हा वेळ होता."

तो बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत राहिला. "वाटलं, लेनखाली ठोकळे घालून जमवतील. आणि दादा, वर्षभर तू चिडलेलाच होतास. त्या रात्री पहिल्यांदा खूश दिसलास. मला वाटलं, हे शेड आता तुलाही हवंसं वाटायला लागलंय."

मला ते शेड कधीच नको होतं, मला तू हवा होतास, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात बस लागली आणि मी म्हणालो, "डबा मांडीवरच ठेव, वर ठेवलास तर सांडेल."

आता त्या शेडमध्ये आम्ही केळी धुऊन खोक्यांत भरतो. टाक्या रिकाम्या केल्या की पाणी सरळ कोपरा धरतं आणि नालीत जातं, कुठे थेंब तुंबत नाही. आबा दुपारी दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि आल्यागेल्याला ते वाहतं पाणी दाखवतात.

"उतार मातर येकदम बरोबर दिला धाकल्यानं," म्हणतात.

मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही.