बाबांसोबत ताम्रक ग्रहावर

ताम्रक हा ग्रह पृथ्वीपासून अतिशय दूर आहे, असं टीव्हीवरच्या एका मालिकेत दर भागाला सांगतात. आम्ही अमरावतीहून एसटीने अकोल्याला, तिथून दुसऱ्या बसने बार्शीटाकळीला आणि पुढे ऑटोने जेवणाच्या आत पोचलो. चित्रीकरण तिथल्या मुरमाच्या खदानीत चालू असल्याचं मैत्रिणीने कळवलं होतं.

आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नव्हते. दिवसभर खुर्चीत बसून ती एकच मालिका बघायचे. म्हणून मी ताम्रकाचं नाव काढलं, तर ते चपला शोधायला लागले.

खदानीच्या तोंडाशी पहारेकरी होता. "ग्रहावर जेवणाची सुट्टी आहे," तो म्हणाला. "बसा अंदर सावलीत."

आत निळे रंगवलेले ग्रहवासी पंगतीत वांग्याची भाजी-भाकर खात होते. एका निळ्या बाईने आम्हालाही वाढलं. "धक्का लावू नका मले, रंग ओला हाय," एवढंच म्हणाली.

जेवणानंतर गडबड उडाली. ताम्रकावरच्या शेवटच्या म्हाताऱ्याचं काम करणारा नट आलाच नव्हता. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं आणि बाबांना रंगवायला घेतलं. प्रसंग सोपा होता. सगळे ग्रह सोडून निघतात, यानातून शेवटची हाक येते आणि म्हातारा म्हणतो, "मी येणार नाही. माझी माणसं इथल्या मातीत आहेत."

यान म्हणजे पत्रे ठोकलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. हाक आली. बाबांनी क्षणभर मुरमाकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि यानात चढून बसले.

"काका, तुम्ही इथेच राहायचंय," दिग्दर्शक म्हणाला.

"एकटा काहून (का) राहू?"

दुसऱ्यांदाही ते चढले. नंतर तर हाकेची वाट न बघता चढले. दिग्दर्शकाने मला पाठवलं.

"बाबा, खोटंखोटंच म्हणायचंय," मी म्हटलं.

"राहून पाहलं ना मी," ते हळूच म्हणाले. "तुही (तुझी) माय काही वापस येऊन नाही राहिली. आता जाऊ दे मले."

उन्हं कलली तेव्हा दिग्दर्शकाने हात टेकले आणि यान बाबांना घेऊन हललं.

परतीच्या बसमध्ये ते अजून कानांपर्यंत निळे होते. वाहकाने काळजीने विचारलं, "काकाजी, तब्येत ठीक हाय ना?"

"आता ठीक हाय," बाबा म्हणाले आणि खिडकीची जागा मागून घेतली.

त्या मालिकेत आता ताम्रकावर कोणीच राहत नाही. मालिकेतले शास्त्रज्ञ दर भागात त्याची कारणं शोधत असतात. मला कारण ठाऊक आहे, पण ते बाबांना सांगावं तर बाबा घरी सापडत नाहीत. सकाळचा चहा झाला की बाजारात जातात आणि बोलावल्याशिवाय परतत नाहीत.