बोटीवर टाकून दिलेलं

माझ्या पत्र्याच्या पेटीत जे काही होतं ते सगळं कुणी ना कुणी टाकून दिलेलं होतं. माझा थोरला भाऊ मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता. डेक धुणं, दोर ओढणं, गंज खरवडणं हे त्याचं काम. उतारू बंदरात उतरून गेले की मागे जे पडून राही त्यातलं एखादं तो खिशात घाली, आणि सुटीत घाट चढून माझ्या सासरी आला की माझ्यापुढे ठेवी. म्हणे, "घे. तुझ्या बोटीचा आणखी एक तुकडा. म्हातारपणी जोडून बघ, तरंगते का."

ही खोड मीच त्याला लावली होती. आमचं माहेर खाली कोकणात, समुद्राच्या काठी. आई गेली आणि घर सांभाळायला म्हणून माझी शाळा तिसरीतच सुटली. तिसरीच्या पुस्तकाची मागची पानं माझी वाचायची राहिली ती राहिलीच. पुढे लग्न होऊन मी घाटावर, मुळशीच्या खोऱ्यात आले. इथे समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. भाऊ बोटीवर आहे म्हटलं की बायका गप्प होत, जणू मी कुणाच्या आजारपणाचं बोलले. त्यांचं पाहून मलाही धास्ती वाटू लागली. मग मी दादाला म्हटलं, प्रत्येक खेपेला बोटीवरचं काहीतरी आणत जा. तू पाण्यावर जाऊन परत आलास हे मला हातात धरून बघता येईल.

तो आणत गेला. कान तुटलेला एक कप, त्याच्यावर निळं निशाण. सामानावर डकवायच्या रंगीत चिठ्ठ्या. खोलीच्या किल्लीला अडकवायचा पितळी बिल्ला. सोनेरी कडेचं एक जाड पान, त्यावर साहेबलोकांना त्या दिवशी जेवायला काय होतं ते छापलेलं. एक लांब दांड्याचा चमचा. बोटीचं चित्र. आणि दोर वळून केलेलं एक कडं. उतारू म्हणे डेकवर अशी कडी खुंटीवर फेकायचा खेळ खेळतात. बोटीच्या पोटात कोळसा जळतोय, चहूकडे पाणी, आणि मोठी माणसं कडी फेकताहेत, याचं मला फार नवल वाटे.

दुपारी घर जरा निवांत झालं की मी पेटी उघडून बसे. सासूला मी आत्याबाई म्हणे. त्या कधी रागावल्या नाहीत, पण त्यांच्या लेखी तो कचराच होता. "सायबानं टाकलं, भावानं उचाललं, आन ही पुजतीया," असं शेजारणीला सांगत. शेजारीण म्हणजे आमच्या भावकीतल्या थोरल्या जाऊबाई. त्यांची जीभ विळ्यासारखी. मला म्हणत, "ए कोकणी, तुजी बोट कुटवर आली? पौडाच्या बाजारात आली का?" मी हसत असे. हसणं जमत नसे तेव्हा चुलीत फुंकर घालत असे.

खाली धरणाची भिंत चढत होती. शेतं जाणार, गाव जाणार, यावरून पुरुषांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं, आणि ते मला जेवढं कळलं तेवढं मी इथे सांगत बसत नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर एका उन्हाळ्यात ठरलं की पावसाच्या आत घर उचलून वरच्या माळावर न्यायचं. कुणी कोळवणकडे सोयऱ्यांच्या आसऱ्याला गेले. आमची वस्ती डोंगरावर चढली.

घरं इरजिकीनं हलवायची ठरली. इरजिक म्हणजे सगळ्या गावानं मिळून एकाच्या कामाला हात लावायचा आणि त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. एरवी ती नांगरटीला असते. त्या वर्षी ती घरांना लागली. आज याचं आढं आणि वासे, परवा त्याचे. या इरजिकीचा नेम कडक होता. दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं ते कामाचंच ओझं द्यायचं. तो फुकट राबायला आला आहे, त्याला चढावर बिनकामाचं काही वाहायला लावणं म्हणजे त्याचा अपमान. लोक फुटकी मडकी, मोडके पाट, जुन्या टोपल्या जोत्यावर ठेवून निघत.

मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं की माझी पेटी जोत्यावर राहणार. मी ती स्वतः नेली असती, पण माझं तान्हं कडेवर आणि दुसऱ्या हातात देवाची टोपली, कारण ती घरातल्या सुनेनंच न्यायची; नवऱ्याच्या खांद्यावर आढं. आणि त्या दिवसांत माझं मन थाऱ्यावर नव्हतं. दादा संक्रांतीला यायचा होता. संक्रांत गेली, शिमगा गेला. दादाची काही खबर नाही. मुंबईहून सुटीवर आलेल्या गिरणीवाल्यांना मी विचारून बघितलं, तर त्यांना बंदराचं काय माहीत. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. ही पेटी पाण्याखाली गेली तर तोही पाण्याखाली गेला. असं नसतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग, झोप लागत नव्हती.

आदल्या दिवशी मी आत्याबाईंना भीत भीत विचारलं. त्या मिरच्या पोत्यात भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुनाच्या डोक्यावर द्यायाची, सांग. तूच नाव घे."

मी पोत्याचं तोंड धरलं, त्या मिरच्या भरत राहिल्या.

सकाळी लोक आले. छपराचं गवत उतरलं, आढं खाली आलं, आणि रोज मी वावरत होते ते घर ऊन पडलेलं चार खांबांचं रान झालं. मी पेटी उघडून बोटीचं चित्र तेवढं कमरेला खोचायला काढत होते. तेवढ्यात जाऊबाई घागर घेऊन आल्या. त्यांची चुंबळ कुठे हरवली होती. त्यांनी पेटीत डोकावलं, दोराचं कडं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि त्यावर घागर बसवली. मान हलवून पाहिली.

"बेस हाय की ही. सायेब लोक बी पानी आनत्यात व्हय गं?"

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. तान्ह्याला सावरायच्या मिषानं मी तोंड फिरवलं. आत्याबाई खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चढावर चाललेल्या जाऊबाईंच्या डोक्यावरच्या कड्याकडे पाहिलं. आणि त्या पेटीशी येऊन, बाजाराला बसावं तशा मांडी घालून बसल्या.

पहिला चाललेला माणूस डोक्यावर वाशांची मोळी घेऊन होता. त्याला त्यांनी हाक मारली आणि कप पुढे केला. "तुजा डावा हात मोकळा हाय. धर." त्यानं धरला. मागून येणाऱ्या पोरीला चिठ्ठ्या दिल्या. तिच्या आईला चमचा. पितळी बिल्ला कुणाच्या हातात द्यावा याचा विचार करीपर्यंत बैल आला, तेव्हा त्यांनी तो बैलाच्या गळ्यातच बांधायला लावला. असं एकेक करून त्या वाटत सुटल्या.

वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस, ज्याच्या शब्दावर इरजिक चाले, काठी टेकत आला. नेम मोडतोय असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "म्हातारे, बिनकामाचं वझं दुसऱ्याला?"

"डोक्यावर दिलंय का म्या? हातात दिलंय. हातातल्याचा नेम कुटं हाय ते सांगा मला."

म्हाताऱ्यानं विचार केला. मग त्यानं काठी बगलेत मारली आणि रिकामा हात पुढे केला. त्याच्या वाट्याला ते सोनेरी कडेचं पान आलं.

पेटी रिकामी झाली. आत्याबाईंनी ती झटकली, तिच्यात मिठाचे खडे भरले, झाकण लावलं. "आता ही कामाची झाली," म्हणाल्या, आणि एका गड्याच्या डोक्यावर दिली.

त्या दिवशीचा तो चढ मी विसरायची नाही. पुढे आमचा बैल, गळ्यात परदेशी बोटीचा बिल्ला. मागे वासे, तुळया, जातं, आणि ज्याच्या त्याच्या एका मुठीत माझ्या भावाचं काहीतरी. वाटेतल्या झऱ्यावर कुणी निळ्या निशाणाच्या कपानं पाणी प्यालं. मी देवाची टोपली घेऊन मध्ये चालले होते. इतकी माणसं आपल्यासाठी हात गुंतवून चालली आहेत, हे मला पेलत नव्हतं. घाट चढून या खोऱ्यात आले त्या दिवसापासून मी जिथे जाईन तिथे पाहुण्यासारखी बसत होते. चढ संपला तेव्हा बसायला जागा नव्हती, भिंती नव्हत्या, आणि तरी मी पहिल्यांदाच पाय पसरून बसले.

जेवणं झाल्यावर लोक एकेक करून वस्तू आणून देऊ लागले. चमचा आला नाही. तो कुठे पडला की राहिला, मी विचारलं नाही. म्हाताऱ्यानं आणलेलं पान मात्र सापडेना. शेवटी देवाच्या टोपलीत निघालं. सोन्याची कड पाहून त्यानं ते देवाचंच समजून देवांच्या चांदीच्या टाकांखाली अंथरलं होतं. त्यावर हळद-कुंकू सांडलं होतं. मी ते पुसलं नाही.

दोन-तीन दिवसांनी जाऊबाईंच्या घराची इरजिक होती. मी तान्ह्याला आत्याबाईंकडे देऊन गेले. माझ्या डोक्यावर शेण्यांची पाटी दिली गेली. मी निघणार तोच जाऊबाई पदराआडून काही घेऊन आल्या आणि माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "ह्ये बी ने. कुनाला दावू नको." ते पाळण्यावर टांगायचं चिमणाळं होतं, लाल-हिरव्या चिंध्यांच्या चिमण्यांचं. त्यांच्या घरी पाळणा कधी हलला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी ते शिवलं असावं. मी ते मुठीत झाकून वर नेलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लगेच पदराआड केलं. पुढे मला कोकणी म्हणायच्या त्या म्हणतच राहिल्या. त्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे, कारण त्या बदलल्या असत्या तर मला चैन पडलं नसतं.

दादा आला तो भर वैशाखात. बोटीचं कुठलंसं यंत्र नादुरुस्त होऊन ती परमुलखात गोदीत अडकली होती, आणि त्याला दुसऱ्या बोटीवर चढवून लांबच्या फेऱ्याला धाडलं होतं. आधी तो जुन्या गावात गेला. तिथे नुसती जोती. मी त्याच्यासाठी जशी भ्याले तसा तो माझ्यासाठी भ्याला, असं तो नंतर म्हणाला. मेंढरं घेऊन चाललेल्या धनगरानं हात करून त्याला माळावरचं घर दाखवलं.

तो आला हे कळलं तशी माणसं जमली. पूर्वी त्याला कुणी चार शब्द विचारत नसे. आता ज्यानं जे वाहून आणलं होतं त्याला त्याचीच चौकशी. मी आणलेला कप कशाचा? बिल्ल्यावर आकडा कसला? चिठ्ठ्या नेणाऱ्या पोरीला तर त्यातली एक कुठे डकवायची ते दाखवून हवं होतं. दादा सगळ्यांना सांगत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता, की हे झालं तरी काय.

शेवटी म्हाताऱ्यानं ते पान मागवलं. हळदीनं पिवळं झालेलं. "ह्ये वाचा पावनं. देवाखाली व्हतं. काय लिवलंय?"

माझा जीव घाबरा झाला. बोटीवर साहेब कसलं कसलं मांस खातात ते दादानं मला पूर्वी सांगितलं होतं. दादानं पान हातात घेतलं. त्यावरचं कुंकू पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि बोट खाली खाली नेत एका ओळीवर थांबला.

"भात," म्हणाला. "आन भातावर कालवण. मला येवढंच वाचाया येतंय."

लोक खूष झाले. साहेबसुद्धा भातच खातो यात कुणालाच नवल वाटलं नाही. आत्याबाईंनी दाराआडून विचारलं, "कंचा भात? आंबेमोहर?"

"न्हाई मावशी. तुमच्यावानी भात तितं कुटला."

आत्याबाई दाराआडून वळल्या. आत येऊन त्यांनी मला कोपऱ्यातली टोपली काढायला सांगितली. तिच्यात आंबेमोहराचं बियाणं होतं, पाण्याखाली जायच्या खाचरांतलं शेवटचं. माळावर भात होणार नव्हता, वरई-नाचणी होणार होती, तरी ते बी आम्ही वर आणलं होतं.

"आत्याबाई, बी हाय त्ये," मी म्हटलं.

"ठावं हाय मला. कांडाया घे."

मी मुसळ हातात घेतलं. बाहेर दादा अजून बोटीचं सांगत होता.