फागूचा उपास

हे मी आजवर कोणापुढेही बोललो नाही. बायकोपुढे नाही, भावापुढे नाही, देवापुढे तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं. मध्येच मी दुसरंच काही सांगू लागलो तर समजून घ्या, ती जागा जवळ आली असेल.

मी लेखराम पटेल. आज सोलरच्या प्लांटवर टेक्निशियन आहे. त्याआधी अठरा वर्षं वीजकेंद्रात होतो, कोळशाच्या पट्ट्यावर. कोळसा आत वाहून नेणारा तो लांबलचक रबरी पट्टा, त्याच्या कडेने उंचावरून जाणारी पत्र्याची गॅलरी, आणि त्या गॅलरीत आम्ही दोघं — मी आणि फागूलाल. फागू देवरीकडचा, जंगलातल्या गावचा. पट्ट्याखालचा रोलर बिघडला की मला ते धूर निघाल्यावर कळायचं, फागूला नुसत्या आवाजावरून दोन दिवस आधी. हुद्द्याने मात्र मी त्याच्या वर होतो. आहे की नाही गंमत?

फागूचा एक नेम होता. दरवर्षी महाशिवरात्रीला तो गावातून पायी प्रतापगडच्या यात्रेला जायचा. निघाल्यापासून पोटात अन्नाचा कण नाही. परत आल्यावर घरच्या देवापुढे नारळ फोडायचा, तेव्हाच उपास सुटायचा. वाटेत मरायची पाळी आली तरी नाही. त्याच्या बापाने असंच केलं, आज्यानेही.

एका वर्षी परतताना बस बंद पडली. घरी जायला वेळ उरला नाही, म्हणून तो नारळ पिशवीत घेऊन सरळ सकाळच्या पाळीवर आला. मी डब्यातलं केळं पुढे केलं. त्याने हात जोडले. दुपारी गॅलरीत चालता चालता त्याचे गुडघे वाकले आणि तो कठड्यावर कलला. मी त्याचा कमरेचा पट्टा मागून धरला, म्हणून वाचला. शुद्धीवर येताच त्याचं पहिलं बोलणं हे —

"लेखरामभाऊ, कोणाले सांगू नोको. चक्कर म्हणलं का उंचीवरचं काम गेलं माझं."

खरंच होतं ते. आमच्याकडे एकदा चक्कर कागदावर चढली की माणूस खालीच राहतो. मी कोणाला सांगितलं नाही. पाळी सुटल्यावर त्याला मीच गाडीवर घरी सोडलं. त्याने देवापुढे नारळ फोडला आणि पहिला तुकडा मला दिला. मग स्वतः खाल्ला. हे लक्षात ठेवा. मला हे नीट आठवतं, काल घडल्यासारखं — मुद्दा तोच आहे.

नऊ वर्षं ती गोष्ट मी पोटात ठेवली. मग?

मग कोळशाचे दिवस भरत आले. सगळीकडे सोलर, सोलर. कंत्राटदाराने बोलावून सांगितलं, इथली माणसं कमी होणार, ज्यांना नवीन काम शिकायचं त्यांनी नाव द्या. गोंदियाला तीन महिन्यांचं प्रशिक्षण, आणि त्यातून आमच्या गटातले नऊ जण नव्या कामावर. आम्ही दोघांनी नाव दिलं. चाळिशी उलटलेले बाप्ये पोरांसारखे बाकांवर बसलो. कोळशाने काळी झालेली नखं वहीवर दिसत होती.

फागूचा हात मुळातच कसबी. पॅनेलमागच्या वायरी तो तेंदूपत्त्याचा पुडा बांधावा तशा झरझर बांधायचा, एकही टोक बाहेर नाही. मी? मी दोनदा उलटी जोडणी केली. एकदा तर शिकवणारे मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पटेलजी, खेती करो आप." सगळे हसले. जेवणाच्या सुटीत फागूने मला बाजूला घेऊन ती जोडणी सात-आठ वेळा करून दाखवली. शिकवताना हसला नाही. त्याच्यामुळेच मी शेवटपर्यंत टिकलो.

शेवटी आठ नावं पक्की झाली. नववं आमच्या दोघांपैकी एकाचं होणार होतं, ते मास्तर ठरवणार होते. त्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते, हे मला कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, गरज होती म्हणून केलं असेल. नाही हो. माझी घरची धानाची शेती आहे, धाकटा भाऊ बघतो. नोकरी गेली असती तर मी उपाशी मेलो नसतो. फागूकडे वीतभर जमीन नव्हती. होत्या त्या दोन शिकणाऱ्या पोरी आणि त्याचे दोन हात. मग मी का केलं? ते हसणं लागलं होतं म्हणून? सोलरची नोकरी लागलीच असं सगळ्या गावाला सांगून बसलो होतो म्हणून? माझ्या हाताखालचा माणूस वर आणि मी घरी — हे सहन झालं नाही म्हणून? काहीही धरा. मी खूप शोधलं, बरं कारण एकही सापडलं नाही.

चहाच्या टपरीवर मास्तर एकटे दिसले. मी जवळ गेलो आणि म्हणालो की फागूलाल चांगला आहे, पण उंचीवर त्याला चक्कर येते, एकदा मीच धरला होता, काळजी वाटते म्हणून सांगतो. काळजी! हा शब्द मी वापरला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

इथवर मी स्वतःला समजावू शकत होतो. खोटं काय बोललो? चक्कर आलीच होती ना? नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ तेवढ्याने जमिनीला टेकला म्हणतात. मला तर नोकरी लागली. पण थांबा, अजून झालं नाही. जी जागा म्हणालो होतो, ती आता येते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आम्हा दोघांना बोलावलं. फागूला विचारलं, "कभी चक्कर आया था क्या ऊपर?"

फागू नाही म्हणाला असता तर? कागद नव्हता, पुरावा नव्हता. पण तो फागू. म्हणाला, "हो सर, आलती. एकडाव. उपास होता ना माह्या, यात्रेतून आलतो. लेखरामभाऊ होता संगं. त्यालेच विचारा."

आणि माझ्याकडे बघून हसला. बिनघोर. आपला साक्षीदार शेजारीच उभा आहे, आता कसली चिंता?

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहिलं.

"उपासाचं मला काही माहीत नाही सर," मी म्हणालो.

एवढंच. सहा शब्द. मला माहीत नाही — ज्याने त्या नारळाचा पहिला तुकडा खाल्ला, त्याला माहीत नाही.

 बाहेर आल्यावर चपला घालताना फागू म्हणाला, "विसरला असशीन भाऊ. लय वर्षं झाले." त्याला खरंच तसं वाटलं, की मला तोंड लपवायला त्याने जागा करून दिली? हे मला आजही कळलेलं नाही. विचारायची छाती नाही.

मी काम करतो तिथे पॅनेलं जमिनीवर मांडलेली आहेत, शेतात. माझ्या छातीएवढी उंच. तीन वर्षांत मला शिडी लागलेली नाही. ज्या उंचीसाठी फागूला बाजूला काढलं, ती उंची या कामात नव्हतीच. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. त्या दिवशी मास्तरांना एक फोन करता आला असता. नंबर होता. केला नाही.

फागू आता कोहमाऱ्याला असतो. तिथे ढाब्यापाशी ट्रक थांबतात, त्यांच्या भरलेल्या मालावर चढून तो ताडपत्री बांधतो. मागे बसने जाताना मी त्याला पाहिलं. पोत्यांच्या ढिगावर उभा होता, कमरेला पट्टा नाही, बिट्टा नाही, दोरी दाताने ओढत होता. मी खिडकीतून डोकं आत घेतलं. त्याची मोठी पोरगी शाळा सोडून शिवणकाम करते, असं कानावर आलं. ती हुशार होती.

यंदा शिवरात्रीनंतर तो माझ्या घरी आला. तो दरवर्षी येतो, ते मी सांगितलंच नाही. पाय भेगाळलेले, खिशात कागदाची पुडी. उपास घरी सोडून आला होता. बायकोने चहा केला. पोरीबाळींची, धानाची चौकशी झाली. निघताना त्याने पुडी उघडली आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो त्याच्यासमोर खाल्ला.

सर, त्या दिवशी फागूला उपास होता. मी त्याच्यासोबत होतो. मला माहीत होतं.