जेवायला उजेड असलेला देश

आमच्या शाहूपुरीच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि काय बिनसलंय ते आवाजावरून. शेजारच्या रत्नाबाईंच्या घरात मात्र बिनसलं की आवाजच बंद होतो. मार्चमधल्या एका सकाळी तसा शुकशुकाट ऐकला आणि साखर मागायच्या निमित्तानं आत शिरलो. माझ्या घरी साखर डबाभर होती, ती गोष्ट वेगळी.

रत्नाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. जैनांचं घर. सूर्य मावळला की तोंडात घास घालायचा नाही, हा नेम लग्नाआधीपासूनचा. मुलाच्या, म्हणजे जिनेशच्या लग्नात वरातीनं रस्त्यातच एवढा नाच केला की पंगत बसायला अंधार पडला. नवरदेवाची आई न जेवता झोपली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पावण्यांना चहा देत होती. नवरा जिनपाल गेल्यावर भांड्यांचं दुकान सहा वर्षं एकटीनं चालवलं. बाई अशी.

यंदा जूनमध्ये सगळं घर सिंगापूरला निघालेलं. घरातली पहिली परदेशवारी. रत्नाबाईंचा पासपोर्टही आला होता. त्यातला फोटो बघून मी म्हणालो होतो, "आक्का, ह्यो फोटो बघून तिथलं पोलीस तुम्हालाच सलाम ठोकतील."

आणि आता जिनेश म्हणत होता, आईनं जायचं नाही.

"काका, तुम्हीच सांगा हिला," जिनेश मला म्हणाला. "ट्रॅव्हलवाले कांदा-बटाटा नसलेलं जेवण देतात, पर सगळ्या ग्रुपचं जेवण रात्री आठला. सूर्य सातलाच मावळतोय. दिवसभर भटकायचं आणि रात्री उपाशी झोपायचं, साखरेची गोळी सुरू असताना? चक्कर आली तर मी परक्या मुलखात कुणाला हाक मारू?"

सून रुचिता दाराशी उभी होती. रत्नाबाई तांदूळ निवडत होत्या.

"बनी काय म्हणाली ठाऊक हाय का किष्णात?" त्या मला म्हणाल्या. बनाबाई म्हणजे त्यांची शिरोळची धाकटी बहीण. गेल्या वर्षी सिंगापूरला जाऊन आली आणि तिथं रात्री नऊला जेवली. "म्हणाली, नेम आणि विमान दोन्ही एका बाईला जमत न्हाय आक्का, कायतर एक सोड. मी दोन्हीतलं काय सोडणार न्हाय."

आता इथं मी गप्प बसायचं. पण माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

"मग सूर्यच मावळत न्हाय असल्या देशात जावा की," मी म्हणालो. "रात्री आठला काय, बाराला जेवा."

जिनेश हसला. मीही हसलो. रत्नाबाई हसल्या नाहीत. तांदळातला हात थांबला.

"असला देश हाय?"

"हाय की, नॉर्वे. वरच्या अंगाला जूनमध्ये सूर्य मावळतच न्हाय म्हणं. पर आक्का, मी आपली गंमत..."

"रुचिता, बग गं मोबाइलवर."

रुचितानं बघितलं. माझी गंमत खरी निघाली. जिनेशनं माझ्याकडं असं बघितलं, की साखर न घेताच उठावंसं वाटलं. पण उठतो कोण.

"आई, तिथं थंडी मरणाची."

"स्वेटर मिळतोय बाजारात."

"आमचं सिंगापूरचं ठरलंय."

"तुम्ही सिंगापूरला जावा. मी नॉर्वेला जातो."

"एकटी?"

"ग्रुप असतोय न्हवं का? आणि सहा वर्षं दुकानात कोण होतं माझ्या जोडीला?"

जिनेशनं शेवटचा डाव टाकला. "बरं, सूर्य मावळतच न्हाय म्हटल्यावर जेवण थांबवायचं कवा? दिवसरात्र खात बसणार?"

मलाही हे ऐकायचंच होतं. रत्नाबाईंनी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं.

"सगळ्यांच्या संगट आठला जेवणार आणि ताटावरनं उठलं की दुसऱ्या दिवसापातूर तोंड बंद. मला उजेडात जेवायचंय, जास्त जेवायचं न्हाय."

 

त्यांनी रुचिताला ट्रॅव्हलवाल्यांचा नंबर लावायला सांगितला. पलीकडची पोरगी फार गोड बोलत होती. रत्नाबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. जूनमध्ये जेवायच्या वेळी बाहेर उजेड असतो का? असतो, कडक ऊन असतं. आणि विमानात रात्रीचं ताट नको म्हटलं तर रागावणार नाहीत ना? ती पोरगी हसली आणि नाही म्हणाली.

"मग माझं नाव लिवा."

"किती जण, मॅडम?"

रत्नाबाईंनी मान वर करून मुलाकडं बघितलं. जिनेश पंख्याकडं बघत होता.

"एक," त्या म्हणाल्या. "रत्नाबाई जिनपाल. पासपोर्टावर हाय तसंच लिवा."

"आणि दुसरं रुचिताचं लिवा," सून मागनं म्हणाली. नवऱ्याकडं तिनं बघितलंही नाही.

मी साखरेची वाटी घेऊन बाहेर पडलो. जिन्यापर्यंत गेलो असेन, तोवर जिनेश मागनं आला. आवाज इतका खाली, की मला कान पुढं करावा लागला.

"काका, त्या नॉर्वेत थंडी नेमकी किती असती ओ?"