तीन शाळांचं एक हृदय

ऐंशीच्या दशकात सावली गावाकडच्या एका खेड्यात मी तात्पुरता शिक्षक होतो. तात्पुरता म्हणजे साहेबांच्या एका शेऱ्यावर कायम होणारा किंवा घरी जाणारा. साहेब म्हणजे शिक्षण विस्तार अधिकारी. ते तीन शाळांच्या तपासणीला येणार होते आणि त्यांना विज्ञानाचे तक्ते पाहायचे होते.

तक्ते सर्व शाळांना मिळाले होते: पचनसंस्था, हृदय, बियांचं अंकुरण. विज्ञानाचा प्रसार व्हावा म्हणून सरकारने ते पाठवले आणि प्रसारात फाटू नयेत म्हणून मुख्याध्यापकांनी कपाटात घालून कुलूप लावलं. आत उधईने, म्हणजे वाळवीने, त्यांचा सखोल अभ्यास केला. तिन्ही शाळांत मिळून एकच संच वाचला, तोही ज्या शाळेला कपाटच मिळालं नव्हतं तिथला. बारा महिने भिंतीवर लोंबून तो शाबूत होता. हृदयावर चहाचा डाग पडला होता, एवढंच.

आमच्या मुख्याध्यापकांना सगळे बडे गुरुजी म्हणत. त्यांनी मार्ग काढला. साहेबांची जीप रस्त्याने वळसा घेणार, सायकल बांधावरून सरळ जाते. एका शाळेची तपासणी आटोपली की तक्ते पुढच्या शाळेत पोचवायचे. आमची शाळा शेवटची.

"नेईल कोण?" मी विचारलं.

"ज्याले कायम व्हाचं हाये, तो."

दुसऱ्या शाळेपर्यंत विज्ञान वेळेवर पोचलं. तिथून निघालो आणि बाभळीच्या काट्याने पुढचं चाक पंक्चर केलं. सायकल ढकलत रस्त्यावर आलो, तर मागून जीप.

"मास्तर, पायी काऊन?" साहेबांनी विचारलं. "बसा."

सायकल मागे चढली. मी गुंडाळी मांडीवर घेऊन साहेबांशेजारी बसलो.

"हे काय?"

"तक्ते, साहेब. आमच्या शाळेचे."

साहेबांनी गुंडाळीकडे पाहिलं, मग धानाच्या शेतांकडे. "दुरुस्तीला नेले असतील."

"हो, साहेब."

पुढचा रस्ता आम्ही दोघांनीही धानाकडे पाहण्यात घालवला.

शाळेत त्यांच्यादेखत मी तक्ते टांगले. हृदयासमोर ते बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशीची त्यांची आणि त्या डागाची ती तिसरी भेट. माझ्या मनात घरी न्यायची पेटी भरून झाली होती.

"या भागात चहा फार सांडते," ते म्हणाले.

"मुलं धक्का देतात, साहेब," बडे गुरुजी म्हणाले आणि चहा मागवला.

मग साहेबांनी शेरा लिहिला: तिन्ही शाळांत तक्ते सुस्थितीत. नियमित वापराच्या खुणा आढळल्या. नवीन पुरवठ्याची आवश्यकता नाही. शिक्षक मेहनती.

मी कायम झालो. मी नोकरीत होतो तोवर त्या शाळेला नवा तक्ता आला नाही. सुस्थितीतल्या शाळेला कोण कशाला पाठवेल?

तपासणीच्या संध्याकाळीच संच आपल्या मूळ शाळेच्या भिंतीवर परत गेला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या चौथीतली एक मुलगी रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "गुरुजी, पोटाचं चित्र कुठी गेलं? काल तुमी आमाले साहेबाकडे तोंड करून बसवलं. मले आतडं पाह्याचंच राह्यलं."

मी खडू घेतला आणि फळ्यावर तिला आतडं काढून दाखवलं.

ती उठून फळ्याजवळ आली. "हे तं जिलेबी होय, गुरुजी."

मी तिला खाली बसायला सांगितलं.