पाटावरचं फूल

आईच्या डोळ्यांनी साथ सोडल्यापासून सप्ताहात पोथी मी वाचते. पोथी तिची, श्रद्धा तिची, घसा माझा. राजाजीनगरच्या या घरात ती लग्न होऊन आली तेव्हापासून हा नेम चुकलेला नाही. वाचणाऱ्याशेजारी एक पाट रिकामा मांडायचा, त्यावर एक फूल ठेवायचं. ऐकायला देव येतो म्हणे. मला तो पाट बघून रोज राग यायचा. ऑफिसला उशीर करून मी एका लाकडी फळीला वाचून दाखवत होते, तेही जमेल तितकं भराभर उरकत.

शेवटच्या दिवशी दार उघडंच होतं. शेजारच्या कन्नड अक्का डबा परत द्यायला आल्या. वाचन चाललेलं बघून पावलं न वाजवता आत शिरल्या. पाट आपल्यासाठीच मांडलाय असं समजून त्यावर बसल्या, फूल उचलून डोळ्यांना लावलं आणि केसांत माळलं. त्यांच्याकडे घरी आलेल्या बाईला फूल देतातच.

अध्याय चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही. आणि आईला हे कळलं तर ती सगळं पारायण पुन्हा पहिल्यापासून धरणार. एकभुक्त राहून ती आधीच थकली होती, तिला ते झेपलं नसतं. मी वाचत राहिले. अक्का मान डोलावत होत्या. त्यांना समजावं म्हणून माझा वेग आपोआप कमी झाला, आणि इतक्या वर्षांत न ऐकलेल्या ओळी मला ऐकू यायला लागल्या. मला फार बरं वाटत होतं.

अध्याय संपला. प्रसादाचं फूल घ्यायला आईनं सवयीनं हात पुढं केला, तो अक्कांच्या गुडघ्यावर पडला.

"कोण?"

"शेजारच्या अक्का," मी कशीबशी म्हणाले. "फूल त्यांनी माळलंय."

अक्का गडबडून उठायला लागल्या. "चुकलं काय माझं? मी ऐकत बसले. सगळं नाही कळलं, स्वल्प कळलं."

आईनं हात काढला नाही.

"आम्हाला तरी कुठं सगळं कळतंय, अक्का? स्वल्पच," आई म्हणाली. "बसा तुम्ही." मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "नैवेद्याचं ताट आण. यांच्यापुढं ठेव."

ताट ठेवायला मी वाकले, ती गरजेपेक्षा जास्तच वाकले.